मधू, दोरी तू कापली नव्हतीस

मधू, तुझ्या तेरवीच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये शोकसभा झाली. सहा जण बोलले आणि सहाही जणांनी तुला शूर म्हटलं. अध्यक्षांनी तर पुढे जाऊन सांगितलं की हत्यारांची पारख मधुकरसारखी या धरणावर कुणालाच नव्हती. मी, तुझी मोठी बहीण, पुढच्या सतरंजीवर तुझ्या बायकोला, वनिताला धरून बसले होते. ती पदर तोंडाला लावून रडत होती. मीही पदर तोंडाला लावला होता, पण तो हसू दिसू नये म्हणून.

हत्यारांची पारख. तुला. अरे, माझ्याकडे मासे घ्यायला येणाऱ्या बायकांनाही तुझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या निदान माझ्या सुरीची धार बघतात आणि मगच मासा कापायला देतात. तुला वस्तू चकचकली की पुरे व्हायचं.

हे लिहिताना मी शाळेतली मराठी लिहिते आहे. आपल्या बोलीत लिहायला बसले तर पहिल्या ओळीपासून शिव्याच येतील, आणि मला अजून बरंच सांगायचं आहे.

गेलास तोही स्वतःच्याच तऱ्हेने. सकाळी छातीत कळ आली. वनिता म्हणाली दवाखान्यात चला, तर तू म्हणालास, "गॅस हाय. तुले काय समजते? मले समजते." आणि ओट्यावर बसून सोडा पीत राहिलास. मला निरोप आला तेव्हा मी मोताळ्याच्या बाजारात होते. मासे तसेच उघडे टाकून आले. ओट्यावर सोड्याच्या तीन रिकाम्या बाटल्या होत्या आणि तू आत चादरीखाली होतास. मी आधी त्या बाटल्या उचलल्या. का उचलल्या, मला माहीत नाही. लोक येणार होते, त्यांना तुझा मूर्खपणा दिसू नये असं वाटलं असेल. तुझा मूर्खपणा झाकायची सवय माझ्या हातांना फार आधीपासूनची आहे.

ती सवय कशी लागली तेही लिहायला हवं, नाहीतर मीसुद्धा त्या सहा वक्त्यांसारखीच ठरेन.

नवऱ्याने मला घराबाहेर काढलं तेव्हा मेहकरकडच्या त्या गावात माझ्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. तू कुणाचा तरी टेम्पो घेऊन आलास. काय झालं, कुणाची चूक, एक शब्द विचारला नाहीस. माझी पेटी उचलून टेम्पोत टाकलीस आणि वाटेत फक्त एवढंच म्हणालास, "ताई, भजे खाशील?" पुढे मी बाजारात मासे विकायला बसले. पहिल्या दिवशी चार टवाळ माझ्यासमोर उभे राहून उगाच भाव विचारत होते. तू धरणावर गेला नाहीस त्या दिवशी. एक टोपलं पालथं घालून माझ्या शेजारी संध्याकाळपर्यंत बसलास, कपाळाला आठ्या घालून, कुणाशी न बोलता. त्यानंतर तिथे कुणी उगाच उभं राहिलं नाही. बारा वर्षं मी त्याच जागेवर मासे कापले. त्या एका दिवसासाठी मी तुझ्यावर जीव टाकत आले. आणि त्याच एका दिवसापायी मी सुखदेवचं वाटोळं होऊ दिलं.

सुखदेव तुझा शाळेपासूनचा सोबती. विहाराच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. पौर्णिमेला विहारात वंदना घ्यायला लोक त्यालाच पुढे बसवायचे, कारण त्याचं वागणं तसं होतं. दारूच्या थेंबाला त्याने कधी हात लावला नाही. वडिलांनी त्याच्याकडून पंचशील पाठ करून घेतलं होतं, आणि पाठ केलं ते पाळायचं असतं, इतका तो सरळ. तुम्ही दोघं आधी दुसऱ्यांच्या जुन्या डोंग्यावर जायचात. मग सरकारी योजनेतून फायबरची नाव मिळाली. अर्जासाठी चकरा दोघांनी मारल्या, कागदावर नाव तुझं लागलं. सुखदेव म्हणाला, "कोनाचं का लागेना, पानी तं एकच हाय."

नाव पाण्यात घालायच्या आधी हाताशी ठेवायची हत्यारं घ्यायला आपण तिघं मलकापूरला गेलो, आठवतं? मी माझ्या सुऱ्यांसाठी आले होते. दुकानदाराने विचारलं, काय दाखवू? सुखदेव म्हणाला, "आधी एक मग पानी अन् साबन द्या शेठ."

शेठ हसला, पण दिलं त्याने. सुखदेवने दुकानाच्या पायरीवर हाताला साबण चोळला आणि तसल्या बुळबुळीत हातात एकेक चाकू धरून पाहिला. "मासा सोडवल्यावर हात असाच राह्यते," तो म्हणाला. गुळगुळीत लाकडी मूठ त्याने बाजूला ठेवली. स्टीलची चकाकणारी तर हातातून सुटून पायरीवरच पडली. शेवटी पिवळ्या मुठीचा, आखूड पात्याचा, करवतीसारख्या दात्यांचा एक चाकू त्याच्या हातात घट्ट बसला. त्याचं टोक बोथट होतं.

"टोक नाही याले," मी म्हणाले.

"टोक नोकोच, ताई. नाव हालली का टोक आपल्याच मांडीत जाते. नावेत भोसकाचं कोनाले हाय? दोरी कापाची, जाळं कापाचं. ओल्या दोरीवर साधी धार घसरते, दाते धरून ठेवतात."

"अन् पिवळाच काऊन?"

"तळाशी चिखल, पानी, जाळं. काळी मूठ सापडतच नाही."

पकड घेतानाही तसंच. गळ गिळलेल्या मरळीच्या तोंडातून गळ काढायला त्याला लांब चोचीची पकड हवी होती, आणि सोडली की आपोआप उघडणारी, म्हणजे एका हाताने काम भागतं. तार कापायचं कटर हातात घेऊन त्याने खिशातून एक गळ काढला आणि शेठला विचारून तिथेच कट्कन तोडला. मग कटरचं तोंड उजेडाकडे धरून पाहिलं. त्याला खाच पडली होती. "कच्चं हाय. गळाची तार कडक असते शेठ, तिनंच याचा दात पाडला." आता शेठ हसला नाही. आतल्या फडताळातून दुसरं कटर घेऊन आला. त्याने गळ तुटला आणि तोंड जसंच्या तसं राहिलं.

या सगळ्या वेळात तू काय करत होतास? दुकानाबाहेर उभं राहून लाजत होतास. "लोकं पाहून राह्यले बे सुख्या. धुनं धुवाले आला काय इथी?" मग मोबाईल पुढे केलास. त्यात एका गोऱ्या माणसाच्या कमरेला काळी कातडी पिशवी होती आणि पिशवीत एक घडीचं हत्यार. "हे पाय. अकरा हत्यारं, एका मुठीत."

सुखदेव शांतपणे म्हणाला, "अकराची गरज कुठी हाय मधू? दोन-तीनच पाहिजेत. पन हात अडकला का दुसऱ्या हातानं लगेच धरता आले पाहिजेत. घडीचं हत्यार ओल्या हातानं उघडत नाही."

"तुले नवं काही समजतच नाही. मले समजते. नाव माह्या नावावर हाय, हत्यार मीच घेईन."

शेठने पिवळ्या मुठीचा चाकू पुसून परत खोक्यात ठेवला. मी माझ्या दोन सुऱ्या घेतल्या. तो चाकूही मी घेऊ शकले असते. तुझा अपमान होईल म्हणून घेतला नाही. तुझा मान म्हणजे काय चीज होती ती, तिच्यासाठी किती जणांनी काय काय सोडलं!

चार-सहा दिवसांनी तुझं अकरा-हत्यारी खेळणं आलं. त्यात नखं घासायची कानस होती. बाटलीचं झाकण उघडायचं ओपनर होतं. चष्म्याचे स्क्रू पिळायचा काटा होता. चाकूचं पातं माझ्या करंगळीएवढं. पकड इतकी बारकी की तिने मरळीचा नव्हे, झिंग्याचा गळ काढावा. ते कमरेला लावून तू गावभर फिरलास. सुखदेवने घरचा जुना विळा नावेत आणून ठेवला, तर "नव्या नावेत गंजकं लोखंड नोको" म्हणून तू तो काठावर फेकून दिलास. तो विळा मी उचलून आणला. अजून माझ्याकडे आहे, त्याने मी गवत कापते.

महिनाभरातच गळ तुझ्या तळव्यात घुसला, अंगठ्याच्या खाली, काट्यापर्यंत. तू मोठ्या ऐटीत खेळणं उघडलंस आणि गळावर दाबलंस. गळाला काही झालं नाही, खेळण्याचं तोंड फुटलं. सुखदेव वल्हं मारत तुला काठावर घेऊन आला आणि तिथून मोटारसायकलवर माझ्याकडे बाजारात. हातावर रुमाल टाकला होतास, जणू काही चोरून आणलंय. सुखदेवने शेजारच्या पंक्चरवाल्याकडून कटर आणलं, गळाचं टोक पुढे ढकलून कातडीबाहेर काढलं, काटा तोडला आणि उरलेला गळ आल्या वाटेने मागे ओढून घेतला. तू डोळे मिटून माझा खांदा इतका दाबलास की दोन दिवस वळ होता.

आणि संध्याकाळी सोसायटीच्या शेडमध्ये तू सांगितलंस की आपल्या अकरा-हत्यारीने तू स्वतःच गळ तोडलास. सुखदेव समोर बसला होता. दुसऱ्या दिवशी तू लोखंडी पेटी आणलीस, कुलूप आणलंस, आणि ते फुटकं खेळणं नावेत पेटीबंद करून ठेवलंस. मला वाटलं, चोरीच्या भीतीने. सुखदेवने मला एकदा हळूच सांगितलं, "चोरीसाठी नाही ताई. तोंड फुटलं हाय ना, ते कोनाले दिसू नोको."

इथपर्यंत मी तुला हसून सोडून देऊ शकले असते, मधू. घरोघरी असतात असले पुरुष.

त्या मे महिन्यातल्या दुपारी मी काठावर पाट्या घेऊन तुमची वाट बघत होते. उकाडा होता म्हणून तू जाताना शर्ट काढून माझ्या पाटीवर टाकला होतास. तुम्ही जाळं ओढत होतात, एवढ्या जवळ की तुमचं बोलणं पाण्यावरून ऐकू येत होतं. एकदम वारा सुटला. नाव गरकन फिरली. नांगराच्या दगडाची नायलॉनची दोरी सुखदेवच्या डाव्या हातावरून गेली आणि नावेच्या नाकावरच्या लोखंडी कडीशी त्याची बोटं आवळली गेली. वारा नाव ढकलत होता, खाली दगड अडकला होता, दोरी तारेसारखी ताणली होती.

"काप! मधू, दोरी काप!"

मी तुला पेटीवर वाकलेला पाहिलं. मग तू कमर चाचपलीस. मग वल्ह्याने कुलपावर घाव घालायला लागलास. सुखदेव ओरडत होता, आणि तू एकदा, एकदाच, काठाकडे पाहिलंस. माझ्याकडे नाही. माझ्या पाटीवरच्या शर्टाकडे.

दोरी तू कापली नाहीस. वाऱ्याने नाव उलट दिशेला फिरवली, अडकलेला दगड निघाला, दोरी ढिली पडली आणि हात सुटला. नाव काठाला लागली तेव्हा सुखदेवला शुद्ध नव्हती. चौघे धावत आले आणि त्याला उचलायला लागले. तू त्याला उचलायला थांबला नाहीस. तू आधी शर्टाकडे आलास. माझ्या समोर खिशातून किल्ली काढलीस, नावेत गेलास, पेटी उघडलीस आणि त्या करंगळीएवढ्या पात्याने ढिली पडलेली दोरी कापलीस. घाईघाईने, मागे बघत. मग म्हणालास, "मी दोरी कापली म्हनून वाचला."

तेव्हा आपली नजरानजर झाली होती. आठवतं तुला? मला आठवतं. मी तुझा शर्ट उचलला आणि तुझ्याकडे दिला.

सुखदेवची दोन बोटं काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर तो एवढंच म्हणाला की दोरी मधूने कापली नाही, ती आपोआप सुटली. ते तुझ्या कानावर आलं आणि तू दुसरं खोटं रचलंस. "त्याले काय आठवणार? प्यायला होता तो." दुसरं काहीही म्हणाला असतास, घाबरला म्हण, चुकला म्हण, तर गावाने तुझ्यावर इतक्या सहज विश्वास ठेवला नसता. पण न पिणारा माणूस प्यायला म्हटल्यावर गावाला चघळायला मिळालं. विहारात त्याला कुणी उठ म्हटलं नाही, तोच हळूहळू पुढच्या जागेवरून मागे सरकला. धरणावर त्याला कुणी नावेत घेईना. पिणाऱ्याला पाण्यावर कोण नेणार? दोन वर्षं तो लोकांची फाटकी जाळी विणत बसला, डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी. आणि तू त्याच्या दारावरून मोटारसायकल नेताना हॉर्न वाजवायचास. ओळख दाखवायला! तुला स्वतःची किळस कशी आली नाही, मधू?

मी एकदा तुला विचारलं. फक्त एकदा. जेवत होतास. म्हटलं, "सुखदेवचं काय करतं तू?" तू घास तोंडात ठेवून म्हणालास, "तुले त्या दिवशी टेम्पोत घालून आनलं तवा मी काही इचारलं होतं काय?" आणि भाकरी मागितलीस. मी वाढली. आपल्यातलं भांडण तिथेच अर्धवट राहिलं. ते आता मी एकटीच पुरं करते आहे, आणि मला राग याचाही आहे की तू मध्येच उठून गेलास.

तर शोकसभा. सहावा माणूस म्हणाला, "मधुकरनं स्वतःचा जीव धोक्यात घालून सुखदेवचा प्राण वाचवला." सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. सुखदेव दाराशी उभा होता, डावा हात खिशात. तो तुझ्या तेरवीला आला होता, मधू. मग अध्यक्ष म्हणाले, "मंदाताई, तुमी दोन शब्द बोला."

मी उभी राहिले. म्हटलं, "दोरी मधूनं कापली नाही. पेटीले कुलूप होतं अन् किल्ली माह्याजवळच्या शर्टात होती. सुखदेव प्यायला नव्हता. मी काठावर होते. मी पाह्यलं."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "ताई, दुःखात मानूस काही बी बोलते. गेलेल्या मानसाबद्दल असं..."

"गेलेल्या मानसाबद्दल नाही बोलून राह्यले. जित्या मानसाबद्दल बोलून राह्यले."

वनिता उठून बाहेर गेली. मी दाराकडे पाहिलं तर सुखदेव तिथे नव्हता.

मला वाटलं होतं, तो माझे आभार मानेल. तुझीच बहीण मी. संध्याकाळी त्याच्या घरी गेले. तो अंगणात जाळं पायाच्या अंगठ्याला अडकवून विणत होता. त्याने मान वर केली नाही.

"दोन वर्सं कुठी होत्या तुमी?"

मी त्याच्या जाळ्याचं दुसरं टोक धरायला गेले, त्याने ते ओढून घेतलं.

"माही माय मले रोज इचारे. खरं सांग बाप्पा, एखादा घोट घेतला होता काय? मी म्हनो, नाही माय. ती म्हने, बरं. पन दुसऱ्या दिवशी पुन्हा इचारे. मागच्या साली गेली ती. तिले खरं समजलंच नाही. तुमी आज शेडमध्ये बोलल्या. तिथी होती काय माही माय?"

त्याच्या बायकोने पाणी आणलं, ते मी प्यायले नाही. मधू, तुझ्याबद्दल इतकं तुच्छतेने लिहिते आहे, पण त्या अंगणात मला तुझ्यापेक्षा मोठी जागा मिळाली नाही. तू घाबरून खोटं बोललास. मी घाबरले नव्हते. मी नुसती तुझ्या बाजूची होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनिता माझ्याकडे आली. दारातच बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मले माहीत होतं का नव्हतं, हे कधी इचारू नका." मी म्हटलं, नाही विचारणार. ती उंबऱ्यावरची माती नखाने खरडत होती. मग म्हणाली, "नाव पानी सोडून काठावर पडून हाय. सुखदेवभाऊले सांगा, घेऊन जा म्हना. कागदावर त्याईचं नाव लावाले मी सही देतो. माह्यानं नाही सांगनं होत." तुझ्या घरात एक तरी माणूस तुझ्यापेक्षा उंच होतं आणि तू तिला आयुष्यभर "तुले काय समजते" म्हणत राहिलास.

सुखदेवने तीन दिवस होकार दिला नाही. चौथ्या दिवशी त्याने निरोप पाठवला, हत्यारं घ्यायला मलकापूरला जायचं आहे, सुऱ्या घ्यायच्या असतील तर या. मी गेले. बसमध्ये तो दुसऱ्या बाकावर बसला.

शेठने त्याला ओळखलं. न मागता मग आणि साबण पुढे केला. सुखदेवने डाव्या हाताला साबण चोळला. ती दोन बोटं जिथे नव्हती तिकडे शेठने एकदा पाहिलं आणि मग तो खोकी काढायला लागला. पूर्वीची मूठ आता त्या हातात बसत नव्हती. तीन बोटांत ती फिरायची. जाड, फुगीर मुठीचे चाकू काढून पाहिले, एकही धड नाही. शेवटी शेठ एका मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायला बसला. गुंडाळायची, सुखदेवच्या हातात द्यायची, त्याने साबणाच्या हाताने पिळून बघायची, परत द्यायची. अर्धा तास चाललं होतं ते. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तू असतास तर लाजून मेला असतास. पकड मात्र पहिल्या झटक्यात मिळाली, आपोआप उघडणारी. नव्या कटरने त्याने चार गळ तोडले आणि चारही वेळा तोंड उजेडाकडे धरून पाहिलं.

परतताना तो माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसला. मी म्हटलं, "मी मधूवर लिहून राह्यले. तुमी त्याले माफ केलं, असं लिहू काय?"

"नोका लिहू. नाही केलं."

"अन् मले?"

"तुमालेबी नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "उद्यापासून मासे कुठी देऊ? तुमच्याकडंच आनू का?"

आता तो आणि त्याचा पुतण्या नाव चालवतात. मासे माझ्याकडे येतात. परवाच्या बाजारात धामणगाव बढ्याची ती म्हातारी आली होती, तुला नेहमी वाम मासा राखून ठेवायला सांगायची ती. तिला काही कळलं नव्हतं. मी मासा साफ करत होते. तिने विचारलं, "भाऊ दिसत नाही आज तुहा?"

आणि मी मान वर न करता म्हणाले, "धरणावर गेला."

ती म्हणाली, "बरं, त्याले सांगजो मी आल्ती म्हनून." पिशवी उचलून ती गर्दीत गेली. मी सुरी खाली ठेवली. तिला हाक मारून खरं सांगायला हवं होतं. ती दिसेनाशी होईपर्यंत वेळ होता. मी हाक मारली नाही.